राजीनामा : विभक्त दांपत्यांची अल्प मालमत्ता, समेट आणि विधिसाहाय्य (विशेष संदर्भ : जबलपूर)

१. प्रास्ताविक

मराठीत आज ‘राजीनामा’ म्हटले की पदत्याग एवढाच अर्थ मनात येतो. नोकर नोकरीचा राजीनामा देतो, मंत्री मंत्रिपदाचा देतो. जबलपूरच्या न्यायालयाच्या आवारात मात्र हाच शब्द निराळ्या अर्थाने कानी पडतो. तेथील हिंदी न्यायव्यवहारात ‘राजीनामा’ म्हणजे दोन्ही पक्षांनी परस्परसंमतीने केलेली तडजोड. कायद्याने ज्या गुन्ह्यात तडजोड करता येते त्यास तेथे ‘राजीनामा योग्य’ म्हणतात. पदत्यागासाठी ‘इस्तीफ़ा’ हा स्वतंत्र शब्द आहे. जबलपुरातील मराठी घरातली एखादी स्त्री कुटुंब न्यायालयात उभी राहते आणि राजीनामा करून घ्यावा असे तिला सुचवले जाते, तेव्हा न्यायालयाच्या भाषेत तिच्याकडून संमती अपेक्षित असते. घरच्या भाषेत मात्र तिला काहीतरी सोडून द्यावयाचे असते. या दोन अर्थांतील अंतर हाच प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

मराठीतील जुना अर्थ हिंदी न्यायालयांनी जपला आणि मराठीने गमावला, एवढीच ही नोंद असती तर तिचे स्थान कोशाच्या पुरवणीत होते. परंतु पती-पत्नी विभक्त होताना, विशेषतः वाटून घेण्यासारखे फारसे काही नसताना, जी तडजोड होते ती संमती असते की माघार, हा प्रश्न या शब्दाच्या दोन अर्थांत नेमका सामावलेला आहे. पेशवाईतील पंचायतीपासून आजच्या मध्यस्थी केंद्रापर्यंत समेटाची परंपरा अखंड असली, तरी त्या समेटाला संमतीचे मोल प्राप्त होते ते दुर्बल पक्षाला आपल्या हक्काचे ज्ञान आधी मिळाले असेल तरच, असे येथे मांडावयाचे आहे. म्हणून समेटाच्या इतिहासाबरोबर विधिसाहाय्याचा इतिहासही पाहणे आवश्यक ठरते.

२. पंचायत आणि फारकत

मराठा राज्यातील न्यायपद्धतीत पंचायतीपुढे वाद नेताना दोन्ही पक्षांकडून कागद करून घेतले जात. प्रत्येकाने आपली तकरीर, म्हणजे निवेदन, द्यावयाचे. पंच देतील तो निवाडा आपणास मान्य राहील असा राजीनामा लिहून द्यावयाचा. आणि त्यास जामीनकतब्याची जोड द्यावयाची. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ या नावाने सरकार द्रव्य घेई. हरलेला पक्ष ‘येजितखत’ लिहून देई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या ग्रंथात या कागदांचा विस्ताराने अभ्यास केलेला आहे. येथे राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख, हे स्पष्ट दिसते. तो वादाच्या आरंभी दिला जाई आणि दोन्ही पक्ष तो देत.

विवाहविच्छेदाची भाषाही याच व्यवहारातून आलेली आहे. ‘फारखत’ किंवा ‘फारकत’ हा शब्द मुळात हिशेबाचा. देणे फिटले, आता मागणे उरले नाही, असा मुक्ततेचा लेख म्हणजे फारखत. तोच पुढे पती-पत्नींच्या विभक्त होण्यालाही लागला. ज्या जातींत पाटाची, म्हणजे स्त्रीच्या पुनर्विवाहाची, चाल होती तेथे काडीमोड आणि सोडचिठ्ठी रूढ होती. जातपंचायतीसमक्ष काडी मोडली जाई. सोडचिठ्ठीने स्त्रीला पाट लावण्याची मोकळीक मिळे. आर्थर स्टील यांनी दख्खनमधील जातींच्या रूढींचे जे संकलन १८२७ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात अशा चालींची नोंद सापडते. कित्येक जातींत दुसऱ्या पतीने पहिल्या पतीला लग्नाचा खर्च भरून द्यावा, असा दंडक होता.

हा दंडक नीट पाहिला पाहिजे. विवाह मोडताना हिशेब होत होता. परंतु तो बहुधा दोन पुरुषांमध्ये, अथवा दोन घराण्यांमध्ये होत होता. विवाहकाळात जे घर उभे राहिले, जी भांडीकुंडी जमली, जे जनावर दोघांच्या कष्टाने पोसले गेले, त्यात स्त्रीचा वाटा किती, हा प्रश्न त्या हिशेबात क्वचितच येई. पंचायतीचा निवाडा जवळचा, स्वस्त आणि सर्वांना समजणाऱ्या भाषेतील होता, हे तिचे मोठे गुण. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्या विश्वासाचीच निदर्शक आहे. परंतु त्या पाचांमध्ये स्त्री नव्हती. तिच्या वतीने पिता, भाऊ किंवा मामा बोलत असे, आणि त्याचे हित तिच्या हिताशी जुळेलच असे नव्हते.

३. वसाहतकालीन न्यायालये : १८१८ ते १८८८

गढा-मंडला प्रदेश १७८१ मध्ये सागरच्या मराठा सत्तेखाली आला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांकडे गेला. डिसेंबर १८१७ मधील लढाईनंतर जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले व पुढे सागर-नर्मदा प्रदेशाचा भाग झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली, तेव्हा जबलपूर पुन्हा नागपूरशी एका शासनाखाली जोडले गेले. जबलपुरातील मराठी समाज या राजकीय स्थित्यंतरांचा साक्षीदार आहे. पुढे रेल्वे, तोफगाडी कारखाना (१९०४) आणि न्यायालये यांमुळे त्यात भर पडत गेली.

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखावरील १८१९ च्या अहवालात पंचायतीचे दोष नमूद करूनही ती चालू ठेवण्याचा पुरस्कार केला होता. मात्र नियमबद्ध न्यायालये स्थिरावू लागली तशी पंचायतीची सत्ता क्षीण होत गेली. मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये संभू रघू प्रकरणात एक निर्णायक भूमिका घेतली. विवाह रद्द झाल्याचे जाहीर करण्याचा अथवा स्त्रीला दुसऱ्या विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असे तेथे ठरले. जातीच्या परवानगीवर प्रामाणिक विश्वास ठेवला होता, हा बचावही ग्राह्य धरला गेला नाही. जबलपूर मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात नव्हते. तेथे मध्य प्रांताचा १८७५ चा कायदा लागू होता. त्यानुसार विवाह, स्त्रीधन अशा बाबतींत हिंदूंना हिंदू धर्मशास्त्र व मुसलमानांना मुस्लिम धर्मशास्त्र लावले जाई, आणि सिद्ध झालेल्या रूढीस मान्यता मिळे. म्हणजे एकीकडे जातीचा शब्द अपुरा ठरू लागला, तर दुसरीकडे रूढी पुराव्याने सिद्ध करण्याचे ओझे पक्षकारावर आले. निरक्षर स्त्रीला हे ओझे पेलणे किती अवघड होते, हे सांगावयास नको.

याच काळातील रखमाबाईंचा खटला सर्वपरिचित आहे. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला. स्त्रीस्वातंत्र्य, बालविवाह आणि परकीय सत्तेचा हस्तक्षेप या अंगांनी या खटल्याची पुष्कळ चर्चा झालेली आहे. तुलनेने दुर्लक्षित राहिली ती त्याची समाप्ती. हा वाद न्यायालयाच्या निकालाने मिटला नाही. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि प्रकरण संपले. म्हणजे एका ऐतिहासिक खटल्याचा शेवटही जुन्या अर्थाच्या फारखतीनेच झाला.

या फारखतीत पैसे स्त्रीच्या बाजूने पुरुषाला दिले गेले. रखमाबाईंना पित्याकडून आलेली मालमत्ता होती, डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे सुशिक्षित सावत्र वडील होते, वकील होते, हितचिंतक होते. त्यामुळे त्यांना तडजोड विकत घेता आली. ज्यांच्यापाशी यांतील काहीच नव्हते अशा स्त्रियांच्या तडजोडी कशा झाल्या असतील, याची कल्पना या एका उदाहरणाच्या उलट बाजूने करता येते.

४. कायद्याचा आधार : १९४६ ते १९७६

विवाहित हिंदू स्त्रीला विशिष्ट परिस्थितीत वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क १९४६ च्या केंद्रीय कायद्याने दिला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. जबलपूरला त्यासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. या कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला. त्यामुळे मराठीतील काडीमोड आणि महाकोशल-छत्तीसगडातील ‘छोड़-छुट्टी’ यांना कायद्याच्या चौकटीत जागा उरली. परंतु ज्या समाजात ती रूढी आहे असे सिद्ध होईल त्या समाजापुरतीच. यमनाजी जाधव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हेच अधोरेखित केले : रूढी सांगितली गेली पाहिजे आणि सिद्ध झाली पाहिजे, केवळ घटस्फोटाचा लेख करून विवाह संपत नाही. मुद्रांकावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन झालेली ‘सोडचिठ्ठी’ म्हणूनच बहुधा निरुपयोगी ठरते. तिच्या भरवशावर घर सोडलेल्या स्त्रीला वर्षानुवर्षांनी कळते की विवाह कायम आहे आणि हातातील वस्तू मात्र गेलेल्या आहेत.

उच्च न्यायालयाचे स्थानही याच काळात बदलले. नागपूरला १९३६ मध्ये स्थापन झालेल्या उच्च न्यायालयाच्या जागी, राज्यपुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्यप्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आले. नागपूरचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हेच जबलपूरचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. नागपूरची न्यायपरंपरा अशा रीतीने हिंदीभाषक राज्याच्या न्यायपरंपरेत मिसळून गेली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १९७६ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी हिंदू विवाह कायद्यात १३-ब हे कलम आले आणि परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद घातला आणि मोफत विधिसाहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले. मध्यप्रदेशानेही समाजातील दुर्बल घटकांना विधिसाहाय्य व विधिसल्ला देण्यासाठी १९७६ मध्येच स्वतंत्र अधिनियम केला. संभू रघू प्रकरणानंतर बरोबर शंभर वर्षांनी संमती आणि सल्ला या दोन गोष्टी एकाच वर्षी कायद्यात आल्या. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. कारण सल्ल्यावाचून दिलेली संमती अपुरी असते, हे या दोन तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे ध्यानात येते. दुर्दैवाने त्या एकत्र क्वचितच वाचल्या गेल्या.

५. मध्यस्थीचे नवे रूप

पुढील संस्थात्मक घडण थोडक्यात अशी. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्याच्या ९ व्या कलमाने न्यायालयाने प्रथम समेटाचा प्रयत्न करावा असे सांगितले. ७ व्या कलमाने पती-पत्नींच्या मालमत्तेचे वादही या न्यायालयाकडे दिले. आणि १३ व्या कलमाने वकिलामार्फत उभे राहण्याचा हक्क पक्षकारांना ठेवला नाही, तो न्यायालयाच्या अनुमतीवर सोपवला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा; तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधिसेवा मिळण्याचा हक्क आहे. मध्यप्रदेशच्या राज्य प्राधिकरणाचे मुख्य कार्यालय जबलपुरातच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे सुधारित ८९ वे कलम १ जुलै २००२ पासून लागू झाले आणि न्यायालयीन वाद मध्यस्थीकडे पाठवण्याची वाट रुंदावली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती स्थापन केली. के. श्रीनिवास राव प्रकरणात २०१३ मध्ये कुटुंब न्यायालयांनी वैवाहिक वादात मध्यस्थीचा आवर्जून अवलंब करावा, असे निर्देश आले. २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही संमत झाला आणि ९ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची काही कलमे अमलात आली.

या नव्या मध्यस्थाची तुलना जुन्या पंचाशी करण्याचा मोह होतो. पण दोघांत मूलभूत भेद आहे. पंच निवाडा देत असे. मध्यस्थ निवाडा देत नाही. तो दोघांशी एकत्र व वेगवेगळे बोलतो, जे ऐकले ते गुप्त राखतो, आणि दोघांना मान्य होईल असा मार्ग त्यांनाच शोधू देतो. लोकअदालतीलाही पक्षकारांच्या संमतीवाचून निर्णय लादण्याचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र लोकअदालतीत एकदा तडजोड झाली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील चालत नाही. अर्थात सही करण्याआधीचा क्षण फार मोलाचा ठरतो.

येथेच खरी अडचण उद्भवते. मध्यस्थ तटस्थ असतो, म्हणून तो एका पक्षाला ‘तुमचा यावर हक्क आहे, तो सोडू नका’ असे सांगू शकत नाही. तसे सांगितले तर तो मध्यस्थ राहत नाही. कुटुंब न्यायालयात वकील हक्काने उभा राहू शकत नाही. जात, आप्त, शेजारी यांचा दाब पूर्वीइतका नसला तरी संपलेला नाही. मग ज्या पक्षाकडे शिक्षण, पैसा आणि कागदपत्रे कमी, त्याला त्याचा हक्क सांगणार कोण? हे काम विधिसेवा प्राधिकरणाच्या वकिलाचे आहे. त्याने मध्यस्थीत खोडा घालावयाचा नसतो. मध्यस्थीला बसण्यापूर्वी पक्षकाराला तयार करावयाचे असते. परंतु प्रत्यक्षात विधिसाहाय्य म्हणजे खटला चालवण्यासाठी दिलेला वकील आणि मध्यस्थी म्हणजे खटला टाळण्याचा उपाय, अशी समजूत रूढ झाल्याने या दोन सोयी एकमेकींपासून दूर राहतात.

६. अल्प मालमत्तेचे गणित

श्रीमंतांच्या घटस्फोटात वकील दोन्ही बाजूंना असतात. ज्यांच्यापाशी दोन खोल्यांचे घर, चार दागिने आणि भविष्य निर्वाह निधी एवढेच आहे, त्यांच्याबाबतीत वाटणी सोपी असेल असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. थोड्या मालमत्तेत चुकीला जागा नसते. स्पष्टीकरणासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पती जबलपूरच्या आयुधनिर्माणी कारखान्यात नोकरीस आहे. पत्नी घरी शिवणकाम करते. रांझी भागात पतीच्या नावे घेतलेल्या लहान घराची किंमत अठरा लाख रुपये असून सहा लाखांचे कर्ज शिल्लक आहे. कर्जावर दोघांच्या सह्या आहेत. घर घेताना पत्नीने आपल्या बचतीतून दोन लाख दिले होते. तिचे दागिने सासरच्या कपाटात आहेत.

भारतीय कायद्यात, गोव्याचा अपवाद वगळता, विवाहाने मालमत्ता आपोआप सामाईक होत नाही. ज्याच्या नावे खरेदीखत, त्याचे घर. ऐकीव ज्ञानावर आलेली पत्नी म्हणूनच ‘घर त्यांच्याच नावाचे आहे’ असे म्हणून स्वस्थ बसते. जाणकार सल्लागार तिला पाच गोष्टी सांगेल. पहिली, दागिने हे स्त्रीधन आहे. ते तिचे संपूर्ण मालकीचे असून सासरकडे ते केवळ ठेव म्हणून असते, हे प्रतिभा राणी प्रकरणात १९८५ मध्येच ठरले आहे. म्हणून ते परत देणे ही पतीची ‘सवलत’ नव्हे आणि त्याच्या बदल्यात तिने पोटगी कमी करून घेण्याचे कारण नाही. दुसरी, विवाहाच्या निमित्ताने मिळालेल्या दोघांच्या सामाईक वस्तूंबाबत हिंदू विवाह कायद्याचे २७ वे कलम आहे. अशी भेट लग्नाआधी किंवा नंतर मिळालेली असली तरी ती विवाहाशी निगडित असल्यास कलमाच्या कक्षेत येते, असे बाळकृष्ण कदम प्रकरणात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. तिसरी, स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी मानली जात नाही. म्हणून दोन लाखांचा बँकेचा पुरावा शोधून काढला पाहिजे. चौथी, सामाईक घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मालकीपासून वेगळा केला आहे, आणि २०२० च्या आहुजा निकालाने त्याची व्याप्ती वाढली आहे. पाचवी, बँक या समेटात पक्षकार नसते. ‘पुढील हप्ते पती भरेल’ असे लिहिले तरी कर्जावरची तिची सही पुसली जात नाही. बँकेची लेखी संमती आणावी लागते.

या पाचही गोष्टी कळल्यानंतर ती जे सोडेल ते जाणून सोडेल. बारा लाखांच्या शिल्लक किमतीतून ती तीन लाख घेऊन समाधान मानेल, किंवा मुलाच्या शाळेसाठी काही वर्षे घरातच राहण्याचा करार करील; तो तिचा निर्णय असेल. कदाचित न्यायालयातील दीर्घ वादापेक्षा कमी रक्कम आज मिळणे तिला श्रेयस्कर वाटेल, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो कमी घेण्यावर नव्हे, न कळता कमी घेण्यावर.

पतीच्या बाजूनेही अज्ञानाची किंमत मोजावी लागते. कारखान्याचे क्वार्टर ही वाटून देण्याची मालमत्ता नव्हे, भविष्य निर्वाह निधी सामान्यतः जप्त होऊ शकत नाही, हे ठाऊक नसलेला कामगार पंचांच्या भिडेने न झेपणारी रक्कम कबूल करतो. दोन हप्त्यांनंतर भरणा थांबतो आणि दोघेही पुन्हा न्यायालयाच्या दारी येतात. पुरुषाला विधिसाहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नमर्यादेची किंवा अन्य पात्रतेची अट आहे. त्या मर्यादेच्या किंचित वर असलेला कामगार वकिलावाचून राहतो. विधिसाहाय्य हे केवळ एका पक्षाचे हत्यार नसून समेट टिकण्याची अट आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे.

उत्पन्न आणि मालमत्ता लपवण्याच्या प्रश्नावर २०२० मध्ये एक महत्त्वाचा उपाय आला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र ठराविक नमुन्यात द्यावे असे बंधन घातले. मध्यस्थीला बसण्यापूर्वी हेच शपथपत्र समोर ठेवले तर वाटणीची चर्चा अंदाजावर न चालता आकड्यांवर चालेल. भविष्यातील पोटगीचा हक्क कायमचा सोडल्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. तरीही असे कलम तडजोडीच्या कागदांत सर्रास लिहिले जाते, आणि सही करणारी स्त्री ते अखेरचे मानून चालते.

कागदाची नोंदणी हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. दाव्याचा विषय असलेल्या मालमत्तेपुरता तडजोडीचा हुकूमनामा नोंदणीवाचून चालतो. दाव्याबाहेरची स्थावर मालमत्ता त्यात घातली तर नोंदणी लागते. मध्यप्रदेशातूनच गेलेल्या एका अपिलात डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भेदाचा पुन्हा विचार केला आणि आधीपासून असलेला हक्क तडजोडीत मान्य झाला असेल तर नोंदणी व मुद्रांक शुल्क लागत नाही असे सांगितले. म्हणून वाटणीत यावयाचे घर मूळ अर्जातच नमूद करणे हिताचे असते. ही एक ओळ वेळीच न लिहिल्याने पुढे हजारो रुपयांचे शुल्क आणि कित्येक वर्षांचा विलंब पदरी पडू शकतो.

७. गोव्याचा दाखला

मराठी जाणणाऱ्या समाजातच एक निराळी व्यवस्था नांदते आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिच्यानुसार विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा राहतो. गोव्यातील सर्व स्त्रिया त्यामुळे सुरक्षित झाल्या असे कोणी म्हणणार नाही; निम्मा हिस्सा कागदावर असणे आणि हाती येणे यांत अंतर आहे. तथापि, तेथे समेटाची बोलणी निम्म्यापासून सुरू होतात. जबलपुरात ती ‘नाव कोणाचे’ येथून सुरू होतात. उर्वरित भारतात असा पाया घालण्याचा एक प्रयत्न झाला होता. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाहविषयक दुरुस्ती विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केले. लोकसभेत ते संमत न होता २०१४ मध्ये रद्दबातल झाले. असा कायदा नसेपर्यंत वाटाघाटीचा पाया विधिसल्ल्यानेच घालावा लागेल.

८. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, समेटाने विभक्त होणे ही पाश्चात्त्य न्यायशास्त्राकडून उसनी घेतलेली कल्पना नसून फारकत, राजीनामा, सोडचिठ्ठी या शब्दांत तिची देशी परंपरा स्पष्ट दिसते. दोन, त्या परंपरेत निकटता व सुलभता होती, पण स्त्री स्वतः बोलणारा पक्ष म्हणून उपस्थित नव्हती. आधुनिक मध्यस्थीने तिला आसन दिले, मात्र त्या आसनावर बसण्यापूर्वी मिळावयास हवे असलेले ज्ञान देण्याची व्यवस्था मध्यस्थीपासून तुटक राहिली. तीन, मालमत्ता जितकी थोडी तितके हे ज्ञान अधिक निकडीचे.

जबलपूरपुरता एक व्यावहारिक मुद्दा नोंदवणे उचित होईल. तेथील तडजोडीचा लेख हिंदीत होतो. मराठी घरातल्या स्त्रीला देवनागरी वाचता येते, म्हणून तो तिला समजला असे गृहीत धरले जाते. परंतु ‘पोटगी’ तेथे ‘भरण-पोषण’ असते, ‘हप्ता’ ‘किस्त’ होतो, आणि ‘राजीनामा’ तर अर्थच बदलून येतो. राज्य प्राधिकरणाचे मुख्य कार्यालय ज्या शहरात आहे, तेथे सहीपूर्वी लेख पक्षकाराच्या भाषेत वाचून व समजावून सांगण्याची आणि तसे केल्याची नोंद ठेवण्याची प्रथा सुरू करणे अवघड नाही. मराठीप्रमाणेच गोंडी, बंगाली व तेलुगू घरांनाही तिचा लाभ होईल.

पेशवाईतील राजीनामा वादाच्या आरंभी, दोन्ही पक्षांकडून लिहून घेतला जाई. आजचा राजीनामा वादाच्या अखेरीस येतो, आणि पुष्कळदा थकलेला पक्ष तो लिहून देतो. त्यावरील सही संमतीची व्हावयाची असेल, तर सहीपूर्वी एक वकील, एक मालमत्तेची यादी आणि एक समजलेली भाषा एवढे तरी त्या पक्षाच्या हाती असले पाहिजे. कायद्याने या तिन्हींची सोय केलेली आहे किंवा ती करण्यास वाव ठेवलेला आहे. त्या एकाच टेबलावर आणणे हे काम मात्र शिल्लक आहे.